परत ये म्हणजे कुठं?

नात सहा महिन्यांसाठी इंग्लंडात शिकायला गेलीय. तिचं कॉलेज नि तिकडचं विद्यापीठ यांच्यात मुलांची अदलाबदल असते. फी इथलीच, राहणं-खाणं मात्र आपलं. त्यासाठी गेल्या सालच्या काजूचे पैसे मी खुशीनं दिले. परवा फोनवर म्हणाली, "आबा, पुढंही इथंच शिकले, राहिले तर?"

मी लगेच मुर्डीच्या परांजप्यांचं सांगायला लागलो. आपल्या दापोलीकडचा पोरगा, १८९९ साली केंब्रिजात गणितात पहिला, सीनियर रँग्लर! तरी मोठ्या पगारामागं न लागता पुण्याच्या फर्ग्युसन कॉलेजात शिकवायला आला.

तिनं ऐकून घेतलं. मग म्हणाली, "पण आबा, ते पुण्याला आले. मुर्डीला कुठं परतले?"

मला उत्तर सुचेना. तिच्या बापाला सावर्ड्याच्या स्टँडवरनं मुंबईच्या एस्टीत मीच बसवलं होतं. "इथं काय ठेवलंय," हे शब्दही माझेच. आता तो गणपतीला नि शिमग्याला येतो. नात तर डोंबिवलीतच जन्मली. बापानं पोटासाठी गाव सोडला तो शहाणपणा, नि हिनं विद्येसाठी सोडला तर कृतघ्नपणा? पैसे दिले तेव्हा मी अट घातली नव्हती. मग आता मनातल्या मनात हिशेब का मांडतोय?

"तुझं तू ठरव," म्हटलं. पण फोन ठेवताना तोंडातून निघालंच, "बाय, गणपतीला येशील ना?"