शेजाऱ्याची झोप



मिल्टन कीन्सला रात्री अकरानंतर सामसूम होते, आणि मग मोठ्या रस्त्याकडून तो आवाज उठतो. आधी घरघर, मग फटाक्यांची माळ लागावी तसा तडतडाट, शेवटी दूर जाणारी डरकाळी. सौ. दचकून उठून बसतात. आमचे बालपण भायखळ्यास रेल्वेच्या रुळांलगत गेले; पहाटेच्या लोकलच्या खडखडाटाने झोप मोडल्याचे आम्हांस आठवत नाही. मग आता एका मोटारीने एवढे का चिडावे? हा वयाचा दोष, असे आम्ही बरेच दिवस स्वतःस समजावीत होतो.

प्रकार काय आहे तो एका जाणत्याकडून समजून घेतला. इंजिनातला जळका वायू धक्क्याधक्क्याने बाहेर पडतो. सायलेन्सरच्या डब्यातून जाताना त्याचा आवाज मरतो. कटआउट म्हणजे सायलेन्सरच्या अलीकडेच नळीस काढलेली आडवाट, आणि तिला एक झडप. बटण दाबले की झडप उघडते आणि वायू थेट बाहेर. पुन्हा दाबले की बंद. मोटारी नव्या होत्या त्या काळी चढणीवर थोडा जोर मिळावा म्हणून अशी झडप ठेवीत. आजच्या गाडीस रस्त्यावर तिचा उपयोग जवळजवळ नाही. आवाज हाच उपयोग.

या शहरासाठी जागा ठरली १९६७ साली. आखणाऱ्यांनी साधारण एकेक किलोमीटरवर उभे-आडवे मोठे रस्ते काढले, आणि वस्त्यांस गोंगाट लागू नये म्हणून कडेने मातीचे बांध घालून झाडे लावली. झाडे छान वाढली. पण तेच सरळ, रुंद रस्ते आणि बऱ्याच ठिकाणी ताशी ६० ते ७० मैलांची मुभा, याचा तरुणांस मोह पडतो. बांध साध्या रहदारीसाठी होते; मुद्दाम केलेल्या आवाजापुढे ते काय करणार?

हा ‘मुद्दाम’ शब्द मनात घोळत राहिला. मिश्नात, बाबा बात्राच्या दुसऱ्या अध्यायात, सामाईक अंगणातील शेजाऱ्यांचा विचार आहे. अंगणात कोणी दुकान काढले तर येणाऱ्याजाणाऱ्यांच्या आवाजाने झोप लागत नाही, अशी हरकत शेजाऱ्यास घेता येते. परंतु हातोड्याच्या, जात्याच्या आणि मुलांच्या आवाजास हरकत घेता येत नाही. मुले म्हणजे शिकणारी मुले, असा अर्थ पुढे लावला गेला. (जन्मभर मास्तरकी केलेल्या माणसास हा निवाडा फार आवडतो!) आमचे पूर्वज कोकणात तेलाचे घाणे चालवीत. घाणा करकरतो, पण तेल्यास तेल हवे असते, करकर नको असते. बिनआवाजाचा घाणा मिळता तर त्याने तो आनंदाने घेतला असता. लोकलचेही तसेच. कटआउटवाल्याचा आवाज काढून घेतला तर त्याच्या हाती काहीच उरत नाही. शिवाय बटण त्याच्याच बोटाखाली आहे. प्रत्येक वेळी तो नव्याने ठरवतो.

कायदा येथे संदिग्ध नाही. वायू सायलेन्सरमधून गेल्याविना बाहेर पडता कामा नये, असे १९८६ च्या वाहनविषयक नियमांतील ५४ वा नियम सांगतो. २००२ च्या पोलीस सुधारणा कायद्याने त्रास देणारी गाडी जप्त करता येते. २०२२ साली ब्रॅडफर्डकडील कीथलीसह चार ठिकाणी आवाज टिपणाऱ्या कॅमेऱ्यांची चाचणी सुरू झाली. आपल्याकडे नागपूर-पुण्याच्या पोलिसांनी बुलेटचे जप्त केलेले सायलेन्सर रोडरोलरखाली घातले आहेत. आपणही वेळ, रस्ता आणि गाडीचा नंबर लिहून ठेवून १०१ वर कळवू शकतो.

अडचण अशी की एक नंबर आम्हांस पाठ आहे. तो तीन दारे सोडून राहणाऱ्या पंजाबी कुटुंबातील मुलाचा. मागे बर्फ पडले तेव्हा आमच्या दारापुढची वाट त्यानेच न सांगता साफ केली होती. नंबर कळवावा की आधी दार ठोठवावे? आधी दार, असे आम्ही ठरविले. मनात आणखी एक गोष्ट होती. आमच्याकडे मलिदा असतो तेव्हा निघालेले पाहुणे रस्त्यावर अर्धा अर्धा तास बोलत उभे राहतात, मोटारींची दारे आपटतात. त्याची आई कधी एक शब्द बोललेली नाही.

मुलगा शरमला. म्हणाला, “पण अंकल, आपल्या गल्लीत शिरताना मी ते बंदच करतो!” हे खरे होते. आम्ही निरुत्तर झालो. उत्तर सुचले ते घरी आल्यावर. गल्लीत बंद करतो, म्हणजे त्रास होतो हे त्यास ठाऊक आहे. इथली तोंडे त्याच्या ओळखीची. मोठ्या रस्त्यावर दोहों बाजूंस फक्त झाडे दिसतात. त्या झाडांमागे कोणाचे तान्हे मूल असेल, पहाटे कामावर जाणारा कोणी असेल.

दुसऱ्यांदा जाऊन हेही सांगितले. दहानंतर झडप उघडणार नाही, असा शब्द त्याने दिला. आठ दिवस शांततेत गेले. आता पुन्हा आवाज येऊ लागला आहे. तो त्याचा की दुसऱ्या कोणाचा, हे अंथरुणातून कळत नाही. सौ. म्हणतात, १०१ ला कळवा. आम्ही म्हणतो, महिनाभर पाहू. यात सौजन्य किती आणि त्या बर्फाचे उपकार किती, हे आमचे आम्हांस सांगता येत नाही. आणि तुम्ही देऊन टाकता ती महिन्याची झोप काही तुमच्या एकट्याची नव्हे, हे सौ. रोज सकाळी चहाबरोबर ऐकवतात.