अदृष्टाचा अदमास

जे डोळ्यांनी पाहिले नाही त्याविषयी 'मला ठाऊक आहे' असे म्हणण्याचा अधिकार मनुष्याला कितपत पोहोचतो, हा प्रश्न आपल्याकडे चार्वाकांनी जितक्या निर्भीडपणे विचारला तितका तो पुढे क्वचितच कोणी विचारला असेल. पर्वतावर धूर आहे म्हणून तेथे अग्नी आहे, असे नैयायिक म्हणतो; त्यावर चार्वाकाची पृच्छा अशी, की पाकशाळेतला धूर तू पाहिलास हे खरे, पण त्रिकाळातला यच्चयावत धूर पाहिल्यावाचून ही व्याप्ती, म्हणजे जेथे धूर तेथे अग्नी हा नियम, तू कोणाच्या हवाल्याने सांगतोस? या आक्षेपाचे खंडन ग्रंथोग्रंथी आहे. मला मात्र त्याचे विचारार्ह उत्तर खनिज तेलाच्या साठ्यांची मोजदाद करणाऱ्या भूवैज्ञानिकांच्या दप्तरात सापडते.

मुंबईपासून सुमारे १६० किलोमीटरवर, भर समुद्रात, १९६४ ते १९६७ च्या दरम्यान एका रशियन नौकेने तळाखालच्या खडकांत कंपने सोडून त्यांचे प्रतिध्वनी टिपले, तेव्हा तेलाचा एक थेंबही कोणाच्या दृष्टीस पडला नव्हता. खडकाची घनता व त्यातील ध्वनीचा वेग जेथे पालटतो तेथून लहर परत फिरते, एवढ्या एका व्याप्तीच्या आधारावर खालचे थर घुमटासारखे उचललेले असावेत असे अनुमान निघाले. आणि १९७४ च्या फेब्रुवारीत 'सागर सम्राट' या विंधनमंचाने तेथे विंधन केले तेव्हा ते प्रत्यक्षाच्या कसोटीला उतरले. २१ मे १९७६ रोजी या 'बॉम्बे हाय' तेलक्षेत्रातून उत्पादन सुरू झाले. परंतु विहीर जी हकीकत सांगते ती वीत-दीड वीत रुंदीच्या छिद्रापुरती. दोन विहिरींच्या मधल्या विस्तीर्ण खडकाविषयी पुन्हा लहरींचीच साक्ष काढावी लागते. मग थराचे क्षेत्र, त्याची जाडी, खडकाची सच्छिद्रता, त्या छिद्रांतून पाण्याचा हिस्सा वजा जाता उरलेले तेल, वर येताना विरघळलेला वायू निघून गेल्यामुळे होणारा त्याचा संकोच, आणि शेवटी खरोखर उपसता येण्याजोगा अंश, अशी पदे एकत्र गुणून आकडा निघतो. प्रत्येक पदात संशय आहे, आणि गुणाकारात संशयही गुणला जातो.

म्हणून प्रामाणिक भूवैज्ञानिक एक आकडा देतच नाही. प्रत्यक्ष साठा निदान इतका तरी निघेल अशी शंभरात नव्वद शक्यता ज्याच्या पाठीशी आहे तो 'सिद्ध'; त्यात 'संभाव्य' मिळवला की ती शक्यता पन्नासावर येते, आणि 'शक्य' मिळवला की दहावर. चार्वाकाचा आक्षेप येथे खोडून काढलेला नाही; तो मान्य करून हिशेबात त्याला स्वतंत्र रकाना दिला आहे.

बुलढाण्याच्या कास्तकाराला ही रीत परकी वाटू नये. महसूल खाते खरिपाची पैसेवारी, म्हणजे प्रमाण उत्पन्नाच्या रुपयामागे किती पैसे पीक आले याचा अदमास, तीनदा काढते: नजरअंदाज सप्टेंबरअखेर, सुधारित ऑक्टोबरअखेर व अंतिम डिसेंबरअखेर जाहीर करते. काही निवडक तुकड्यांवरील पीक कापून सबंध गावाच्या उत्पन्नाविषयी बोलते. आणि आपले पहिले अनुमान दुरुस्त होणार हे तारीखवार आधीच कबूल करते. (ती पन्नास पैशांच्या वर की खाली, यावर कास्तकाराचा जीव टांगलेला असतो, ही गोष्ट वेगळी.)

बुलढाणा जिल्ह्यातले लोणारचे सरोवरही या बाबतीत मोठे बोधप्रद आहे. बेसाल्टमधील हे पावणेदोन किलोमीटरहून अधिक रुंदीचे विवर ज्वालामुखीचे असावे, असे पुष्कळ काळ मानले जाई. विंधनछिद्रांतून आघाताने विकृत झालेली खनिजे व काच वर आली, आणि १९७३ साली प्रसिद्ध झालेल्या संशोधनाने ते उल्कापाताचे ठरवले. वयाच्या बाबतीत तर एका पद्धतीने सुमारे पन्नास हजार वर्षे निघाली आणि पुढे दुसरीने सुमारे पाच लाख सत्तर हजार! बलवत्तर प्रमाणाने आधीचे अनुमान खोटे ठरणे, न्यायशास्त्र ज्याला बाध म्हणते, त्याला इतके निःसंकोच दार उघडे ठेवणे हेच, माझ्या मते, अनुमानाचे शील होय.

याच जिल्ह्यात जळगाव जामोद तालुक्यात भेंडवळला अक्षय्य तृतीयेच्या सायंकाळी शेतात घट मांडतात. अठरा धान्ये, मध्यभागी पावसाळ्याच्या चार महिन्यांची चार ढेकळे, त्यांवर पाण्याची घागर. आणि दुसऱ्या पहाटे रात्रीतले फेरफार पाहून वाघ घराण्यातील मंडळी वर्षाचे भाकीत वर्तवितात. ढेकूळ भिजणे आणि श्रावणात पाऊस पडणे यांत मला हेतु-साध्यसंबंध दिसत नाही, हे स्पष्ट सांगितले पाहिजे. तरीही पेरणीच्या तोंडावर तेथे दाटीने जमणाऱ्या माणसांना केवळ पर्जन्याचा आकडाच हवा असतो असे मी मानत नाही. अनिश्चिताला सामोरे जाण्यापूर्वी चार माणसांत उभे राहण्याची गरज हीही एक गरज आहे, आणि धर्माने ती शतकानुशतके भागवली आहे. आक्षेप आहे तो श्रद्धेने ज्ञानाचा अधिकार सांगण्यावर. तो सांगायचाच असेल तर त्याबरोबर ज्ञानाची जबाबदारीही पत्करावी लागेल. भेंडवळकरांना माझी एवढीच विनंती आहे, की दरसालचे भाकीत तारीखवार लिहून ठेवावे, आणि त्याच पानावर हंगामाअखेर तहसील कचेरीतील पर्जन्यमापकाची नोंद व अंतिम पैसेवारी उतरवून घ्यावी.