नवा आरंभ, जुना हिशेब

मिटलेले दुकान पुन्हा उघडणाऱ्या माणसाकडे आपण कौतुकाने पाहतो, आणि ते योग्यच आहे. दिवस फिरले म्हणून कपाळाला हात लावून बसण्यापेक्षा नव्या उमेदीने कामाला लागणे केव्हाही श्रेयस्कर. असे दिवस आपल्याला अपरिचित नाहीत. १८ जानेवारी १९८२ रोजी मुंबईच्या कापडगिरण्यांचा संप सुरू झाला. सुमारे अडीच लाख कामगार त्यात उतरले. त्यांतील कित्येकांना गिरणीची पायरी पुन्हा चढता आली नाही. मार्च २०२० मध्ये टाळेबंदी आली आणि पुढच्या पिढ्यांवरही तीच पाळी आली.

परंतु नवा आरंभ म्हणजे नेमके काय? मागचे सारे पुसून टाकणे, की मागच्याला सामोरे जाणे?

त्या टाळेबंदीच्या काळात मंडप व जेवणावळींचा व्यवसाय करणारे एक गृहस्थ आमच्याकडे आले. लग्नाला पन्नासच माणसांची मुभा. खुर्च्या आणि पातेली गोदामात पडून. लांबलेल्या लग्नांसाठी घेतलेली आगाऊ रक्कम खर्च झालेली, आचाऱ्यांची मजुरी थकलेली, वाण्याची उधारी वाढलेली. एका मित्राने त्यांना सल्ला दिला होता : पत्नीच्या नावे नवा धंदा काढ, घरपोच डबे दे, जुन्या नावाला कुलूप लाव. त्यांनी आम्हाला विचारले, “फादर, यात पाप आहे काय? ते पैसे मी खाल्ले नाहीत, काळाने खाल्ले.”

त्या दिवशी आम्हाला चटकन उत्तर देता आले नाही. माणूस खरोखरच गांजलेला होता.

उत्तर सापडले ते संत योहानाच्या शुभवर्तमानात. तेथे कोळशांचा विस्तव दोनदा येतो. पहिल्या विस्तवापाशी शेकत असता पेत्राने प्रभूला नाकारले. दुसरा विस्तव पुनरुत्थित प्रभूने तिबेर्याच्या काठावर पेटवून ठेवला होता. रात्रभर रिकाम्या राहिलेल्या जाळ्यात त्या पहाटे १५३ मासे आले, पण प्रभू तेवढ्यावर थांबला नाही. तीन वेळा नाकारणाऱ्याला त्याने तीन वेळा प्रेमाविषयी विचारले, आणि मगच आपली मेंढरे त्याच्या हाती सोपवली. पेत्राचा नवा आरंभ जुन्या विस्तवाला वळसा घालून झाला नाही.

तोटा होणे हे पाप नव्हे. तोटा लपवून तो आपल्याहून दुबळ्याच्या गळ्यात घालणे, हे मात्र पाप. पापनिवेदनात क्षमा मिळते. तरीही ज्याचे त्याला परत करण्याचे कर्तव्य उरतेच, अशी ख्रिस्तसभेची शिकवण आहे. जक्कयाने हे न सांगता ओळखले.

येथे देणेकऱ्याइतकेच घेणेकऱ्याचेही कर्तव्य आहे. लेवीय ग्रंथाच्या २५ व्या अध्यायात पन्नासाव्या वर्षी विकलेली जमीन मूळ कुटुंबाकडे परत जावी असा नियम आहे. बुडालेल्या घराला पुन्हा उभे राहण्यास जागा हवी, हे त्यामागचे मर्म. २०२५ च्या जुबिली वर्षानिमित्त पोप फ्रान्सिस यांनी गरीब देशांची कर्जे माफ करावीत असे श्रीमंत राष्ट्रांना आवाहन केले, ते याच परंपरेतून. राष्ट्रांना जे सांगितले जाते, ते शेजाऱ्याच्या उधारीलाही लागू आहे.

त्या गृहस्थांनी डबे सुरू केले, पण स्वतःच्याच नावाने. एका वहीत सर्व देणी लिहिली आणि ते प्रत्येकाच्या दारी गेले. आधी आचाऱ्यांची मजुरी, मग इतरांचे हप्ते. वाण्याने सवड दिली. एका कुटुंबाने मात्र दारातच अपमान केला. पैसे फिटल्यावरही ते घर त्यांच्याशी बोलत नाही. वही कोरी व्हायला तीन वर्षे लागली.

आम्ही एकदा विचारले, “इतका त्रास सोसलात, काय मिळाले?” ते म्हणाले, “फादर, आता बाजारात जाताना गल्ली बदलावी लागत नाही.”

नवा आरंभ करू इच्छिणाऱ्या आपल्या तरुणांना याहून वेगळे भांडवल आम्ही काय सुचवावे?