वजूचे पाणी आणि शेजाऱ्याची तहान

२०१६ चा उन्हाळा मराठवाड्यातला माणूस सहजासहजी विसरणार नाही. त्या वर्षी मार्चमध्ये लातूर शहरात पाणी भरण्याच्या ठिकाणी जमावबंदी लावावी लागली. १२ एप्रिलला मिरजेहून दहा वाघिणींतून पाच लाख लिटर पाणी घेऊन पहिली रेल्वे लातूरला पोचली. आमचे तालुक्याचे गाव रेल्वेच्या वाटेवर नव्हते. नळाला पंधरा-पंधरा दिवसांनी पाणी येई. टँकर आला की शेजारीपाजारी एकमेकांना ओळखेनासे होत. मोहल्ल्यातले बहुतेक बोअर आटले होते, मस्जिदीच्या आवारातला बोअर मात्र रोज तासभर चालत होता.

मोहल्ल्याच्या कडेने नाला वाहतो. नाल्यापलीकडे दलित बांधवांची वस्ती आहे. तिथल्या एक-दोन बाया घागरी घेऊन मस्जिदीच्या दारात आल्या. त्यांना पाणी मिळाले. आठवडाभरात चाळीस-पन्नास घागरींची रांग लागू लागली. मग एका जुम्याला नमाजनंतर बैठक बसली. मुतवल्ली माणूस दिलदार. बोअरची मोटर दोनदा जळाली तेव्हा त्यांनी ती पदरमोड करून भरून आणली होती. ते म्हणाले, “वजू का पानी बाँट दिए तो नमाज कायसे पढ़ना? रमजान सिर पे है।”

आम्ही तिथेच बसलो होतो. खरे सांगायचे तर आम्हांलाही त्यांचे म्हणणे क्षणभर पटले. ज्यांनी बोअरसाठी पैसे दिले, त्यांनी ते नमाजींसाठी दिले होते. एका कामासाठी दिलेली वस्तू दुसऱ्या कामाला वापरायची नाही, हा वक्फचा साधा नियम. मग आम्ही चुकत होतो की मुतवल्लीसाहेब? तेव्हा त्या बैठकीत कोणी नीट उत्तर दिले नाही. नंतर बरेच दिवस आम्ही या प्रश्नाचा विचार करत राहिलो. तोच विचार वाचकांपुढे ठेवत आहोत.

पाणी हे इबादतीचे साधन आहे, यात शंका नाही. पण इबादतीला किती पाणी लागते? प्रेषित मुहंमद (स.) एका मुद्द पाण्यात वजू आणि एका साअ पाण्यात गुसल करीत, असे हदीसच्या प्रमाणित ग्रंथांत आहे. मुद्द म्हणजे आजच्या मापाने पाऊण ते एक लिटर, आणि साअ म्हणजे त्याच्या चौपट. वाहत्या नदीकाठी बसून वजू करतानाही उधळपट्टी करू नये, अशी ताकीद सांगणारी रिवायतही आपण लहानपणापासून ऐकत आलो आहोत. आम्ही एकदा मस्जिदीत नळाखाली बादली ठेवून वजू करून पाहिला. निम्मी बादली भरली. म्हणजे रांगेतल्या बायांनी आमच्या वजूचे पाणी नेण्याआधीच ते आम्हीच नालीत सोडून देत होतो.

यापुढची गोष्ट अधिक महत्त्वाची आहे. पाणी कमी असेल आणि ते वजूत खर्च केल्यावर तहानेची भीती असेल, तर शरीअत तयम्मुमची मुभा देते. ही मुभा केवळ स्वतःच्या तहानेपुरती नाही. बरोबरचा माणूस तहानलेला असेल, जनावर तहानलेले असेल, तरी पाणी त्याच्यासाठी राखायचे आणि आपण मातीवर हात मारून नमाज पढायची, असे फकीहांनी लिहून ठेवले आहे. अल्लाहने स्वतःच्या हक्काचे पाणी तहानलेल्यासाठी सोडले आहे. मग आम्ही कोण ते त्याच्या नावाने अडवून धरणारे?

राहिला वक्फचा प्रश्न. मोटर वक्फची आहे, पाइप वक्फचा आहे, टाकीही वक्फची आहे. पण जमिनीखालचे पाणी कोणी वक्फ केले? आपल्याकडच्या काळ्या बेसाल्ट खडकात पाणी साठते ते वरच्या मुरमाच्या थरात आणि खडकाच्या भेगांत. त्या भेगा नाल्याच्या काठाशी येऊन थांबत नाहीत. मस्जिदीचा बोअर ज्या झऱ्यावर चालतो, तो मोहल्ल्याखालून येतो तसाच वस्तीखालूनही येत असेल. पाणी, चारा आणि अग्नी यांत लोक भागीदार आहेत, ही शिकवण आणि गरजेपुरते घेऊन उरलेले पाणी अडवू नये, ही मनाई या दोन्ही गोष्टी आपल्या परंपरेत स्पष्ट आहेत. पिण्याच्या पाण्यावरचा माणसाचा आणि जनावराचा हक्क फिकहमध्ये ‘हक्क-ए-शफा’ म्हणून वेगळा मानला गेला आहे. बीबी हाजरांनी जुरहुम टोळीला जमजमजवळ राहू दिले, पण पाण्याच्या मालकीवर त्यांचा हक्क नसेल असे बजावले. मदिनेत रूमाची विहीर मालक पैसे घेऊन पाणी देत असे. हजरत उस्मान (रजि.) यांनी ती खरेदी करून सर्वांना खुली केली.

हे सारे आपण मिलादच्या जलशांत ऐकतो आणि सुब्हानल्लाह म्हणतो. अडचण ज्ञानाची नाही. अडचण ही की रांगेत उभा असलेला माणूस कोण आहे, हे पाहून आपले ज्ञान बदलते.

याविषयी एक जुनी घटना आपण आठवायला हवी, आणि ती आपल्याला सुखाची नाही. १९३४ साली डॉ. बाबासाहेब आंबेडकर आपल्या सहकाऱ्यांसह दौलताबादचा किल्ला पाहायला आले. प्रवासाने धुळीत माखलेल्या त्या मंडळींनी दाराजवळच्या लहानशा हौदावर हातपाय धुतले. दिवस रमजानचे होते. पांढऱ्या दाढीचा एक म्हातारा मुसलमान ओरडत आला की यांनी हौद बाटवला. गर्दी जमली. बाबासाहेबांनी त्यांना विचारले, तुमचा धर्म हेच शिकवतो काय? शेवटी किल्ल्यात पाण्याला हात लावायचा नाही या अटीवर, बरोबर हत्यारबंद शिपाई देऊन, त्यांना आत जाऊ दिले गेले. ही हकीकत बाबासाहेबांनी स्वतः ‘वेटिंग फॉर अ व्हिसा’ या टिपणांत लिहून ठेवली आहे.

याच्या सात वर्षे आधी, २० मार्च १९२७ रोजी, महाडला चवदार तळ्याचा सत्याग्रह झाला. त्या तळ्यावर मुसलमानांना पूर्वीपासून मज्जाव नव्हता. मज्जाव फक्त अस्पृश्यांना होता. त्याच वर्षी डिसेंबरमध्ये महाडला दुसरी परिषद भरवायची होती. तेव्हा कोणी जागा देईना. फत्तेखान या मुसलमान गृहस्थाने आपली जागा दिली. महाडचे फत्तेखान आपले आणि दौलताबादचा तो म्हाताराही आपलाच. एकाचा अभिमान सांगायचा आणि दुसऱ्याविषयी मौन पाळायचे, हे सच्चेपणाचे नाही. मस्जिदीच्या दारातली रांग पाहून आमच्या मनात आले ते हे की आज आपण या दोघांपैकी कोण आहोत?

पाण्याचा विचार स्वच्छतेच्या विचाराशिवाय पुरा होत नाही. आपण तहारतला ईमानचा मोठा भाग मानतो. पण आपण पाक झालो की ते नापाक पाणी कुठे जाते, याची चौकशी करीत नाही. आमच्या मोहल्ल्याचे सांडपाणी त्याच नाल्यात जाते आणि पहिल्या मोठ्या पावसात ते पलीकडच्या वस्तीत शिरते. आमची तहारत अशी शेजाऱ्याच्या उंबऱ्यावर जाऊन पडते.

आपल्या समाजात पूर्वी पखालीतून पाणी घालणाऱ्याला भिश्ती म्हणत. या शब्दाचे मूळ बहिश्तमध्ये आहे असे सांगतात. म्हणजे तो जन्नतचा माणूस. मैला वाहणाऱ्याला हलालखोर म्हणत, म्हणजे हलालची कमाई खाणारा. दोन्ही नावे किती सुंदर! पण भिश्त्याच्या घरी सोयरीक करायला कोण गेले? हलालखोराला दस्तरखानावर शेजारी कोणी बसवले? नमाजच्या सफमध्ये खांद्याला खांदा लागला, हे खरे. मस्जिदीच्या बाहेर तो खांदा पुन्हा दूर झाला. इस्लाममध्ये जात नाही, हे आपण जगाला सांगतो. ते सांगताना आपल्या मोहल्ल्यातला शौचाचा खड्डा कोणाकडून उपसून घेतो, हेही सांगावे. २०१३ च्या कायद्याने माणसाला संरक्षक साधनांविना गटारात वा सेप्टिक टँकमध्ये उतरवण्यास बंदी आहे. ऑक्टोबर २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने अशा मृत्यूची भरपाई दहा लाखांवरून तीस लाख रुपये केली. कायदा झाला, भरपाई वाढली, तरी माणसे गुदमरून मरतातच. आपल्या घरच्या टाकीसाठी कोणाला बोलावले आणि त्याला कसे उतरवले, हा ज्याने त्याने स्वतःला विचारायचा प्रश्न आहे.

आणखी एक कबुली द्यायला हवी. त्या बैठकीत एकही बाई नव्हती. पाणी भरणाऱ्या बाया, अंधार पडेपर्यंत शौचाला जाण्याची वाट पाहणाऱ्या बाया, आणि पाण्याचा निर्णय घेणारे आम्ही पंचवीस पुरुष. घरी किती घागरी लागतात, हेदेखील आमच्यातल्या अनेकांना ठाऊक नव्हते. शिवाय आमच्यापैकी काहींच्या घरी खासगी बोअर होते, चालू होते. मस्जिदीचे पाणी द्यावे की नाही यावर आम्ही तासभर बोललो. आपापल्या अंगणातल्या बोअरचा विषय कोणी काढला नाही. आम्हीही काढला नाही.

मुतवल्लीसाहेबांच्या बोलण्यात एक भाग मात्र खरा होता, आणि भाबडेपणाने तो टाळता येणार नाही. मागेल त्याला मागेल तेवढे देत राहिलो तर बोअर आटेल, आणि मग ना वजूला राहील ना घागरीला. दान देण्याइतकीच साठा टिकवण्याची जबाबदारीही असते, कारण पुढच्या उन्हाळ्यात तहानणाराही आपला शेजारीच आहे. पवित्र कुरआनमधल्या हजरत सालेह (अलै.) यांच्या कथेत यावर मार्ग आहे. पाण्यावर एक दिवस उंटिणीची पाळी, एक दिवस लोकांची. मुक्या जनावरालाही पाळी होती. लोकांना तेवढे सोसले नाही, त्यांनी उंटीण मारली, आणि त्यांचा नाश झाला.

पाळीचा हाच न्याय आपल्या मातीतही रुजलेला आहे. पुरंदर तालुक्यातल्या नायगावला विलासराव साळुंखे यांनी १९७२ च्या दुष्काळानंतर पाणी पंचायत उभी केली. पाणी जमिनीच्या नव्हे, माणसांच्या संख्येवर वाटायचे, भूमिहीनालाही वाटा, आणि ऊस लावायचा नाही, असे तिचे नियम होते. औरंगाबादला (आताचे छत्रपती संभाजीनगर) मलिक अंबरने सतराव्या शतकाच्या आरंभी नहर-ए-अंबरी बांधली. हबशी गुलाम म्हणून दख्खनेत आलेल्या या माणसाने डोंगरपायथ्याचे झिरपते पाणी जमिनीखालच्या नहरीतून, केवळ उताराच्या बळावर, शहरात आणले. जमिनीत जेवढे मुरेल तेवढेच नहरीतून यायचे. बोअरला ही मर्यादा नसते. शेजाऱ्याने तीनशे फूट घेतला की आपण चारशे घेतो आणि दोघेही आपल्या मुलांच्या वाट्याचे पाणी उपसतो.

बैठकीचा शेवट कसा झाला, ते सांगायला हवे. इमामसाहेब तरुण होते. ते तयम्मुमचा मसला शांतपणे सांगून गप्प बसले. मुतवल्ली बराच वेळ खाली पाहत राहिले. मग म्हणाले, “बांट लेंगे. पर हिसाब से.” ठरले ते असे. फजरनंतर अर्धा तास घागरींसाठी. दर घरी दोन घागरी, मोहल्ल्यातले असो वा पलीकडचे, रांग एकच. वजूचे नळ बंद, त्याऐवजी एक-एक बधना. वजूचे पाणी नालीत न सोडता आवारातल्या शोषखड्ड्यात. दोन बुजुर्गांना हे आवडले नाही. ते महिनाभर दुसऱ्या मस्जिदीत गेले, मग परत आले. बोअर जूनपर्यंत चालला. रमजानच्या दुसऱ्या आठवड्यात तो दोन दिवस कोरडा पडला, तेव्हा काहींनी आम्हांला बोल लावला, आणि आमच्याजवळ त्याचे उत्तर नव्हते. त्या दोन दिवसांत पलीकडच्या वस्तीत टँकर आला. तिथल्या दोन बाया भरलेल्या घागरी घेऊन मस्जिदीत आल्या आणि इफ्तारच्या आधी दारात ठेवून गेल्या.

त्या पाण्याने कोणी वजू केला नाही. सर्वांनी ते प्यायले. नाला आजही तसाच वाहतो. त्याचे काम पालिकेकडून करून घेण्यासाठी दोन्ही वस्त्यांनी मिळून अर्ज करायचा, ही गोष्ट तेवढी अजून राहिली आहे. खासगी बोअरचा विषयही अजून कोणी काढलेला नाही. या उन्हाळ्याआधी तो आम्हीच काढावा, आणि सुरुवात आपल्या अंगणापासून करावी, असे मनात आहे.