ज्ञानाची वर्गणी

लोकांनी भरलेल्या करांतून सरकार जेव्हा एखाद्या विद्येस साहाय्य करते, तेव्हा त्या साहाय्यास कोणती अट घालणे न्याय्य होय? हा प्रश्न प्रथमदर्शनी हिशेबनिसाचा वाटतो. परंतु किंचित खोल विचार केला असता तो नीतीचा आहे, असे दिसून येईल.

अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांत 1998 साली गुहा व कार्स्ट भूमी यांच्या संशोधनासाठी एक राष्ट्रीय संस्था स्थापण्याचा कायदा झाला. पुढे न्यू मेक्सिकोतील कार्ल्सबाड येथे ती संस्था उभी राहिली. कार्स्ट म्हणजे बहुधा चुनखडीचा असा मुलूख, की जेथे पाणी खडक विरघळवीत भूमीच्या पोटात विवरे व भुयारे कोरते. या कायद्यात एक अट घातलेली होती. संघीय सरकारखेरीज इतर मार्गांनी जितकी रक्कम जमेल, तितकीच संघीय सरकारने आपल्या तिजोरीतून खर्च करावी. ‘तुम्ही रुपया आणा, मग आम्ही रुपया घालू,’ असा हा व्यवहार होय.

ही अट केवळ कृपणपणाची आहे, असे म्हणणे अन्यायाचे होईल. ज्या कामात आपला पैसा गुंतला, त्याकडे मनुष्य डोळ्यांत तेल घालून पाहतो. फुकट मिळालेल्याची त्यास किंमत नसते. आपल्याकडील कित्येक मंदिरे व धर्मशाळा वर्गणीतून उभ्या राहिल्या. 2002 साली सुरू झालेल्या स्वजलधारा योजनेतही भांडवली खर्चाचा दहावा हिस्सा गावाने उचलावा, असा नियम होता. नळाचे पाणी दारात येते, ते डोळ्यांना दिसते. त्यासाठी वर्गणी मागण्यात वावगे काही नाही. परंतु नळास लावलेला नियम ज्ञानासही लावावा काय, हा खरा वादाचा मुद्दा आहे.

बारामती व इंदापूर या तालुक्यांचे उदाहरण घेऊ. येथील भूमी काळ्या अग्निजन्य खडकाची. तीत चुनखडीची भुयारे नाहीत. पाणी राहते ते खडकाच्या भेगांत, सांध्यांत आणि झिजलेल्या मुरमाच्या थरात. एका विहिरीस झरा लागतो आणि शेजारची कोरडी जाते. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरच्या पादात नीरेचा डावा कालवा आला. त्याच्या कडेने उसाचे मळे पिकले. जिराईत भाग मात्र आभाळाकडे पाहत राहिला. कालव्याखालीही सर्वत्र सुखच आले असे नाही. निचऱ्यावाचून कित्येक जमिनी उपळल्या व चोपण झाल्या. कालवा खोदताना भूमीच्या पोटातील पाणी कोठून कोठे जाते, याच्या अभ्यासासाठी कोणी वर्गणी मागितली असती, तर ती कोणी दिली असती? ज्याची जमीन पुढे बिघडणार होती, त्यास ती बिघडेल हेच ठाऊक नव्हते. अज्ञानाची हानी ज्यास सोसावी लागते, त्यास बहुधा ते अज्ञान दिसत नाही. म्हणून ते दूर करण्याची वर्गणी तो आपण होऊन देत नाही.

यावर कोणी म्हणेल की, गरज असेल तर लोक पैसा काढतातच. काढतात, यात शंका नाही. जिराईत गावचा शेतकरी पाणाड्यास दक्षिणा देतो, कर्ज काढून विंधनविहीर घेतो, ती कोरडी गेली तर दुसरी घेतो. पण प्रत्येकाने आपापल्या भोकापुरते विकत घेतलेले हे ज्ञान त्याच्याच शेतात पुरले जाते. सर्वांच्या विहिरींची नोंद एकत्र झाली, तर गावाच्या पाण्याचा नकाशा तयार होईल. परंतु तो नकाशा कोणा एकाचा नसल्यामुळे त्यासाठी कोणी एक जण पैसा काढीत नाही. शिवाय समान हिश्शाचा नियम अक्षराने समान असला, तरी फळाने विषम ठरतो. बागाईत गाव वर्गणी सहज भरील. ज्या गावी उन्हाळ्यात टँकरची वाट पाहिली जाते, त्यास ती जड जाईल. म्हणजे ज्यास ज्ञानाची अधिक गरज, त्यासच ते शेवटी मिळावयाचे.

आणखी एक गोष्ट आहे. ज्ञानाचा लाभ कोणास होईल, हे पुष्कळदा आधी सांगताच येत नाही. बस्तरमधील दंडक गुहेत थेंबाथेंबाने वाढलेल्या चुनखडीच्या स्तंभाचे थर तपासून संशोधकांनी 2007 साली जुन्या पर्जन्यमानाचा लेखा प्रसिद्ध केला. चौदाव्या शतकाच्या मध्यापासून पुढे पाऊस दीर्घकाळ क्षीण झाल्याचे त्यात आढळले. महाराष्ट्राने ज्याची आठवण दुर्गादेवीचा दुष्काळ म्हणून जपली, तो 1396 पासूनचा काळ याच पट्ट्यात येतो. पाऊस एकदोन वर्षे नव्हे, तर दीर्घकाळ रुसू शकतो, ही गोष्ट इंदापूरच्या शेतकऱ्यास जितकी महत्त्वाची, तितकी क्वचितच कोणास असेल. तथापि बस्तरच्या गुहेसाठी इंदापुरात वर्गणी फिरविणे कोणाच्या स्वप्नीही येणार नाही.

मग सार्वजनिक पैसा संशोधकांच्या पदरात डोळे मिटून टाकावा काय? मुळीच नाही. अट हवीच, पण ती ज्ञानाच्या स्वभावास शोभणारी हवी. जो अर्धा पैसा देतो, तो हळूहळू प्रश्नही आपल्याच सोयीचे विचारावयास लावतो. साखरेचा धंदा उसाविषयी विचारील, पिण्याच्या आडाविषयी विचारीलच असे नाही. म्हणून हिस्सा पैशात न मागता उघडेपणात मागावा. जे शोधले, ते कोणापासूनही न लपविता लोकांच्या भाषेत लोकांपुढे मांडावे, आणि चुकलेले अंदाजही त्यात असावेत. 2019 साली सुरू झालेल्या 6000 कोटी रुपयांच्या अटल भूजल योजनेत राज्यांस पैसा देण्याच्या कसोट्यांमध्ये भूजलाची माहिती लोकांस खुली करणे ही एक कसोटी ठेवली होती. पैशाच्या समभागाहून ही अट आम्हांस अधिक न्याय्य वाटते. गावाने श्रमाचा वाटा द्यावयाचा असेल, तर आपल्या विहिरींची पातळी नियमाने मोजून लिहून ठेवावी; ही वर्गणी गरिबातील गरीब गावासही देता येते.

पूर्वी वाटसरूंसाठी रस्त्याकडेला विहिरी खोदीत. खोदणाऱ्याने पाणी पिणाऱ्याकडून अर्धा खर्च आधी मागितला नाही; पिणारा अद्याप त्या वाटेने आलाच नव्हता. ज्ञानाचे पुष्कळसे धनी असेच अद्याप यावयाचे आहेत. त्यांचा हिस्सा त्यांच्या वतीने भरणे, हेच सरकारचे काम नव्हे काय?