प्रणालीबदल आणि ऋणविचार

१४ ऑक्टोबर २०२५ रोजी मायक्रोसॉफ्टने विंडोज १० या ऑपरेटिंग सिस्टीमचा नियमित आधार थांबवला. ऑपरेटिंग सिस्टीम म्हणजे यंत्राचे सुटे भाग आणि माणूस प्रत्यक्ष वापरतो ते प्रोग्राम यांच्या मध्ये राहून मेमरी, डिस्क, कीबोर्ड, प्रिंटर यांचा कारभार पाहणारी मूळ प्रणाली. तिचा आधार थांबला म्हणून संगणक बंद पडत नाही, मात्र सुरक्षेतील नव्या त्रुटी बुजवणाऱ्या दुरुस्त्या येणे थांबते. विंडोज ११ला टीपीएम २.० ही सुरक्षा-चिप लागते आणि इंटेलचा प्रोसेसर असेल तर तो साधारणपणे आठव्या पिढीपासूनचा असावा लागतो. त्यामुळे छत्रपती संभाजीनगरातील पुंडलिकनगरसारख्या वस्तीत, जिथे एकच संगणक वडिलांचा पत्रव्यवहार, मुलीचा अभ्यास आणि वीजबिल या सगळ्यांना पुरा पडतो आणि चालते यंत्र टाकून देण्याची रीत नाही, तिथे धडधाकट संगणकही एका तारखेनंतर जुना ठरला. अशा घरापुढे तीन वाटा उरतात: नवे यंत्र घेणे, १३ ऑक्टोबर २०२६पर्यंतची मुदतवाढ पदरात पाडून घेणे किंवा त्याच यंत्रावर लिनक्स बसवणे. पहिल्या दोन वाटांचा हिशेब पैशाचा व सोयीचा आहे. तिसरीच्या बाबतीत मात्र तिचे पुरस्कर्ते नीतीची भाषा बोलतात, आणि म्हणूनच ती तत्त्वविचाराच्या कक्षेत येते.

ही भाषा रूढ केली रिचर्ड स्टॉलमन यांनी. २७ सप्टेंबर १९८३ रोजी त्यांनी जीएनयू प्रकल्पाची घोषणा केली आणि पुढे मुक्त सॉफ्टवेअरची व्याख्या चार स्वातंत्र्यांत बांधली: प्रोग्राम कोणत्याही हेतूने चालवणे, त्याचा मूळ कोड वाचून त्यात बदल करणे, प्रती वाटणे आणि सुधारलेल्या प्रतीही वाटणे. मूळ कोड म्हणजे प्रोग्रामचा माणसाला वाचता येईल असा मजकूर. लिनस टॉरवल्ड्स यांनी १९९१ मध्ये जाहीर केलेला आणि पुढच्याच वर्षी जीपीएल या परवान्याखाली आणलेला लिनक्स हा गाभा या प्रकल्पाला मिळाला आणि वापरण्याजोगी संपूर्ण प्रणाली उभी राहिली. बंद कोडाची प्रणाली वापरणारा माणूस परतंत्र असतो, तिथून बाहेर पडणे हे स्वातंत्र्य, असा या विचाराचा रोख आहे. प्रश्न असा की, पुंडलिकनगरातील गृहस्थाने ही वाट धरली तर तो नेमका कशातून सुटतो.

‘आमचा संगणक’ या शब्दांचा व्यवहारातला अर्थ आधी तपासून पाहावा लागतो. याच शहरात पीपल्स एज्युकेशन सोसायटीच्या महाविद्यालयाला डॉ. आंबेडकरांच्या काळापासून ज्या राजाचे नाव लाभले तो मिलिंद, आणि ज्या भिक्षूच्या नावाने तो परिसर नागसेनवन म्हणून ओळखला जातो तो नागसेन, यांच्या पाली संवादात रथाचा प्रसिद्ध दाखला येतो: आस, चाके, सांगाडा, जू, लगाम यांपैकी एकही वस्तू रथ नाही आणि त्यांच्याखेरीज वेगळा रथही सापडत नाही, भाग एकत्र आले म्हणजे व्यवहारापुरते ते नाव चालते. नागसेनाला यातून आत्म्याविषयी बोलायचे होते. तीच चिकित्सा मालकीला लावली, तर घरातल्या संगणकाचा पत्र्याचा डबा विकत घेतलेला आहे, विंडोज केवळ वापराच्या परवान्यावर आहे, वडिलांनी लिहिलेली पत्रे त्यांची स्वतःची आहेत, आणि ती ज्या फॉन्टमध्ये आहेत तो तिसऱ्याच कंपनीचा आहे, असे दिसते. स्थलांतराची योजना आखायला बसलेल्या माणसाला ही फोड कागदावर करावीच लागते, आणि ती करताना बहुतेकांना पहिल्यांदाच उमगते की ‘आमचा’ हा शब्द यांतल्या फार थोड्या भागांना लागू होतो.

लिनक्स घेतल्याने ही स्थिती पालटते का? कायद्याच्या दृष्टीने बरीच पालटते, ज्ञानाच्या दृष्टीने फारशी नाही. मूळ कोड वाचण्याचे स्वातंत्र्य मिळाले तरी लक्षावधी ओळींचा तो मजकूर गृहस्थ वाचणार नाही, आणि वाचला तरी त्याला तो कळणार नाही. तो दुसऱ्याच्या शब्दावरच विसंबतो. भारतीय ज्ञानमीमांसेत याला शब्दप्रमाण म्हणतात, म्हणजे विश्वसनीय माणसाच्या सांगण्यातून मिळणारे यथार्थ ज्ञान; असा विश्वसनीय माणूस तो आप्त. न्यायसूत्रांवरील भाष्यात वात्स्यायनाने आप्ताची लक्षणे सांगितली आहेत: त्याने वस्तू स्वतः जाणलेली असावी आणि जशी जाणली तशीच सांगण्याची त्याची इच्छा असावी. हे लक्षण ऋषी, आर्य आणि म्लेच्छ यांना सारखेच लागू पडते, असेही तो स्पष्टपणे म्हणतो, आणि त्या काळाचा विचार करता हे विधान धाडसाचेच म्हटले पाहिजे. या कसोटीवर पाहता प्रणाली बदलणारा गृहस्थ एका आप्ताकडून दुसऱ्या आप्ताकडे जातो एवढेच. फरक आहे तो दुसऱ्या आप्ताला खोटे पाडण्याची सोय कोणाच्या हाती आहे, यात. २०२४ च्या मार्चमध्ये एक्सझेड या फाइली आकुंचित करणाऱ्या, अनेक लिनक्स प्रणालींचा भाग असलेल्या साधनात चोरवाट घातलेली उघडकीस आली. ती घालणाऱ्याने दोन-अडीच वर्षे चांगले काम करून विश्वास कमावला होता, आणि ती सापडली ती आंद्रेस फ्रॉइंड या अभियंत्याला दूरस्थ लॉगिनला अर्धा सेकंद जास्त लागतो हे खटकले म्हणून. खुल्या कोडात दगा होत नाही ही समजूत या प्रकाराने खोटी ठरवली. त्याच वेळी, ज्याच्याकडे त्या साधनाची कसलीही अधिकृत जबाबदारी नव्हती अशा परक्या माणसाला शेवटपर्यंत तपास करता आला, हेही दिसले. फ्रॉइंड तेव्हा नोकरीला मायक्रोसॉफ्टमध्येच होते, ही गोष्ट दोन तट मांडणाऱ्यांनी लक्षात ठेवण्यासारखी आहे.

तेव्हा या बदलाला मुक्ती म्हणणे अतिशयोक्तीचे होईल. त्याचे यथार्थ वर्णन ऋणाच्या कल्पनेने करता येते. तैत्तिरीय संहितेत देवऋण, ऋषिऋण आणि पितृऋण अशी तीन जन्मजात ऋणे सांगितली आहेत, तर शतपथ ब्राह्मणात मनुष्यांचे चौथे ऋण येते, जे आदरातिथ्याने आणि अन्नदानाने फेडायचे. यांपैकी ऋषिऋणाची घडण विलक्षण आहे: ज्यांनी ज्ञान दिले त्यांना ते परत करता येत नाही, म्हणून अध्ययन करून ते पुढे पोचते ठेवणे हीच त्याची फेड मानली गेली, आणि असे अध्ययन केलेल्याला शतपथाने ऋषींच्या ठेव्याचा राखणदार म्हटले. विंडोजचा परवाना हा सौदा आहे. पैसे दिले की विकणारा आणि घेणारा यांच्यात नैतिक देणेघेणे उरत नाही. लिनक्स फुकट मिळतो आणि म्हणूनच तिथे हिशेब मिटत नाही. जीपीएलची अट या ऋणाचा कायदेशीर अवतार आहे: जो कोणी प्रोग्राम, बदललेला असो वा नसो, दुसऱ्याला देईल त्याने मूळ कोडही त्याच स्वातंत्र्यांसह उपलब्ध केला पाहिजे. देणे मागे वळत नाही, पुढच्या माणसाकडे जाते.

या साम्याला दोन ठिकाणी तडे जातात. आजच्या लिनक्सच्या गाभ्यातील बहुतांश काम मोठ्या कंपन्यांचे पगारी अभियंते करतात, म्हणजे या युगातल्या ऋषींना दरमहा वेतन मिळते, आणि त्यांच्या दानाला दान म्हणताना जपून बोलावे लागते. दुसरा तडा अधिक खोल आहे. ऋषींच्या ठेव्याचे राखणदार इतिहासात त्या ठेव्याचे कुलूपही झाले. स्त्री-शूद्रांना अध्ययनाचा अधिकार नाकारून ज्यांना ऋणच घेऊ दिले नाही, त्यांच्यापुढे ऋणमुक्तीची भाषा पोकळ ठरते. शहरापासून सुमारे ५० किलोमीटरवर असलेल्या पैठणात या प्रश्नाचा एक वेगळा पैलू दिसतो. एकनाथांनी शके १५०६ मध्ये, म्हणजे १५८४ साली, ज्ञानेश्वरीच्या प्रतींत शिरलेले अपपाठ काढून शुद्ध प्रत सिद्ध केली आणि शेवटी बजावले की यात जो आपली ओवी घालील तो अमृताच्या ताटात नरोटी ठेवील. संस्कृतातील ज्ञान मराठीत सर्वांना खुले करणाऱ्या ग्रंथाच्या रक्षणासाठी घातलेली ही अट जीपीएलच्या नेमकी उलट आहे: वाचायला, ऐकायला, उतरवून घ्यायला कोणालाही मोकळीक, बदलायला मात्र मनाई. कवीचा शब्द आणि यंत्राची आज्ञावली यांना एकच नियम लावावा असे कोणी म्हणणार नाही. तरीही वाटणे आणि बदलणे ही दोन वेगळी स्वातंत्र्ये आहेत, पहिले देऊन दुसरे रोखण्याला सबळ कारण असू शकते, हे एकनाथांच्या संहितेवरून जितके स्वच्छ कळते तितके परवान्यांच्या चर्चेतून कळत नाही.

घरी बसून प्रणाली नुसती वापरणाऱ्यावर जीपीएल कसलेच बंधन घालत नाही. कायद्याने तो अनृणी आहे, आणि बहुतेक जण तिथेच थांबतात. पण प्रणालीचे मेनू मराठीत दिसतात ते कोणीतरी, पुष्कळदा बिनमोल, एकेक वाक्य मराठीत आणल्यामुळे. अर्धवट राहिलेले भाषांतर पुरे करणे, चुकीचा जोडाक्षर-आकार कळवणे, शेजारच्या घरी प्रणाली बसवून देणे, ही ऋषिऋणाची गृहस्थाला झेपणारी फेड आहे.

तथापि घरातल्या तरुणाने हे बाहेरचे ऋण फेडायच्या उत्साहात घरातले ऋण विसरावे, असा प्रसंग या योजनेत हमखास येतो. मराठी घरांत तो येतो तो फॉन्टच्या रूपाने. युनिकोडपूर्वीच्या काळात, आणि त्यानंतरही कितीतरी वर्षे, श्रीलिपीसारख्या मराठी फॉन्टमध्ये देवनागरीचे आकार इंग्रजी अक्षरांच्या क्रमांकांवर बसवलेले असत. फॉन्ट आहे तोवर पत्र मराठी दिसते, फॉन्ट काढला की त्याच पत्राची इंग्रजी अक्षरे आणि विरामचिन्हांची निरर्थक रांग होते. युनिकोडमध्ये देवनागरीच्या प्रत्येक अक्षराला स्वतःचा क्रमांक असल्याने ही आपत्ती टळते, पण जुनी पत्रे आपोआप युनिकोड होत नाहीत. ती परिवर्तकातून काढावी लागतात, आणि त्यात रफार, ऱ्हस्व वेलांटी व जोडाक्षरे ठरलेल्या जागी चुकतात. कार्यालयातून निवृत्त झालेल्या, रेमिंग्टन टंकलेखन यंत्रावर बोटे घडलेल्या वडिलांपुढे एका रविवारी अचानक इनस्क्रिप्ट कळफलक ठेवला, तर मुलाला मिळालेल्या स्वातंत्र्याची किंमत वडील मोजतात. कर व लेखापालनाची विंडोजपुरती बांधलेली साधने, डिजिटल स्वाक्षरीचा टोकन, जुना स्कॅनर यांचीही हीच गत.

वस्तीच्या नावावरून सहज आठवणाऱ्या पुंडलिकाच्या कथेत दारी आलेल्या देवाला वीट देऊन थांबायला सांगितले आहे, कारण आईवडिलांची सेवा अर्धी टाकून उठणे त्या भक्ताला मान्य नव्हते. वारकरी परंपरेने याला देवाचा अवमान मानले नाही. उलट ती भक्तीची परिसीमा ठरवली. मुक्त सॉफ्टवेअरच्या नीतिविचारात या कथेला जागा सापडत नाही, कारण तिथला विचारविषय एकटा वापरकर्ता आहे, आणि घरचा संगणक मात्र एकट्याचा नसतो. पितृऋणाचा शास्त्रार्थ संततीपुरता मर्यादित असला, तरी लोकाचाराने त्यात वृद्धांच्या सोयीची काळजी केव्हाच सामावून घेतली आहे.

हे मान्य केले की योजनेचा क्रम बदलतो. प्रथम सर्व फाइलींची प्रत वेगळ्या हार्ड डिस्कवर. मग लिनक्स डिस्कवर न बसवता पेनड्राइव्हवरून चालवून प्रिंटर, वायफाय आणि मराठी टंकन यांची घरातल्या प्रत्येकाने केलेली परीक्षा. मग दोन्ही प्रणाली एकाच यंत्रावर शेजारी बसवणे, म्हणजे ड्युअल बूट. कट्टर पुरस्कर्त्यांना ड्युअल बूट ही तडजोड वाटते, पण ज्या घरात अजून वडिलांची शंभरेक पत्रे जुन्या फॉन्टमध्ये आहेत तिथे तीच उचित अवस्था आहे. बँकेचे व्यवहार आणि ईमेल पहिल्या दिवसापासून नव्या बाजूला न्यावेत, विंडोजची बाजू इंटरनेटपासून तोडून केवळ जुन्या पत्रांसाठी ठेवावी, आणि ती केव्हा पुसायची ते रूपांतरित पत्रांतील रफार स्वतः तपासून झाल्यावर वडिलांनी सांगावे.