शेजारी आणि सहप्रवासी

मागच्या पावसाळ्यात शेजारचे काका आयसीयूत होते. रात्री डबा घेऊन गेलो, तर काकू म्हणाल्या, "तुमच्यात प्रार्थना करतात ना? कर रे बाबा." मी केली, पण मनातल्या मनात. येशूचं नाव मोठ्यानं घेतलं नाही.

भित्रेपणा? थोडा होताच. पण त्या रात्री काकू कुणालाच 'नाही' म्हणू शकल्या नसत्या. अशा माणसाला आपली श्रद्धा सांगणं म्हणजे त्याच्या अडचणीवर हात मारणं, असं वाटलं. आणि तरीही, मला ज्यानं उभं ठेवलंय तेच शेजाऱ्यापासून लपवायचं, ही कुठली आपुलकी?

ना. वा. टिळकांना १८९३ साली रेल्वेच्या डब्यात एका अनोळखी प्रवाशानं 'नवा करार' दिला. १८९५ मध्ये टिळक ख्रिस्ती झाले. त्या प्रवाशाचं काम तसं सोपं होतं. पुस्तक दिलं, गाडीतून उतरला. घरच्या माणसांचं तसं नसतं. लक्ष्मीबाईंनी बाप्तिस्मा घेतला तो १९०० मध्ये, स्वतःचा विचार करून. मधल्या वर्षांत दोघांनी काय सोसलं ते 'स्मृतिचित्रे'त वाचावं.

शेजारीही उतरून जात नाही. उद्या त्याच जिन्यात भेटायचं असतं.

काका बरे होऊन घरी आले. परवा काकूंनी चहा टाकता टाकता विचारलं, "त्या रात्री देवाला काय म्हणालास रे?"

या वेळी सांगितलं, नावासकट. त्यांनी ऐकून घेतलं आणि विचारलं, "साखर किती?"